वाळवंट, सतरंजी आणि चाळीस टक्के

इंग्लंडमध्ये एक वाळवंट आहे आणि मी त्यावर सतरंजी घातली.

खरं म्हणजे एवढ्या एका वाक्यात सगळं सांगून झालं आहे. पण आमच्या घरात हे वाक्य मला कोणी पूर्ण करू देत नाही. 'इंग्लंडमध्ये एक' इथपर्यंत आलो की माझी बायको मेधा उठून स्वयंपाकघरात जाते आणि मुलगी इरा कानात इअरफोन घालते. म्हणून लिहून काढतो. कागद उठून जात नाही.

मी क्रॉयडनला एका विमा कंपनीत नोकरी करतो. काय वाईट होऊ शकेल आणि ते होण्याची शक्यता किती, हे काढण्याचा मला पगार मिळतो. (ऑफिसमध्ये मिळतो. घरी हेच काम मी फुकट करतो आणि तरीही ते कोणाला नको असतं.)

मागच्या नोव्हेंबरात माझ्या सासूबाई पुण्याहून आमच्याकडे आल्या. व्हिजिटर व्हिसा सहा महिन्यांचा असतो. त्यातला मोठा भाग त्यांनी आमच्या पुढच्या खोलीच्या खिडकीत बसून काढला. त्या खिडकीतून शेजाऱ्यांचं लाकडी कुंपण दिसतं, एक काळं झाड दिसतं आणि कौन्सिलचे कचऱ्याचे डबे दिसतात. कुठला डबा कोणत्या वारी उचलतात, ते सासूबाईंना माझ्याआधी पाठ झालं.

'सुहासराव, उद्या निळा डबा हं.'

'हो आई.'

'आणि ते झाड. मेलंय का हो?'

'नाही आई. हिवाळा आहे.'

'अजून?'

सासूबाई मूळच्या म्हसवडकडच्या. कोरडा मुलूख. लग्न होऊन पुण्याला आल्या त्याला पन्नास वर्षं होऊन गेली, पण बोलताना 'आमचा माळ' म्हणतात तो तिकडचाच. एकदा संध्याकाळी मला म्हणाल्या, 'आमच्या माळावर वर्षभर नुसती कुसळं. पण एखादा वळीव पडून गेला ना, की चार दिवसांत अशी इवलीइवली फुलं यायची! चालताना दिसायची नाहीत. त्यांच्यासाठी खाली बसावं लागायचं.'

त्या हे सांगत होत्या तेव्हा मी डिशवॉशरमध्ये ताटल्या लावत होतो. (ताटल्या नीट तिरक्या लावल्या तर आणखी दोन वाट्या बसतात, हे घरात फक्त मला माहीत आहे.) शेवटचं वाक्य मी ऐकलं, पण मनात धरलं नाही. ही सगळी गोष्ट त्या एका वाक्यावर उभी आहे. उभी कसली, त्याच वाक्यावर आडवी झाली आहे.

फेब्रुवारीत त्यांच्या पुण्याच्या डॉक्टरांचा निरोप आला. परत आल्यावर दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन, आणि त्यानंतर एवढा लांबचा विमानप्रवास नको. मेधा त्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाली, 'आई आता पुन्हा काही इकडे येणार नाही. एवढ्या लांब येऊन तिने काय बघितलं तर डबे! जायच्या आधी तिला एकदा, फक्त एकदा, इथलं काहीतरी फुललेलं दिसू दे.'

'माझ्यावर सोड,' मी म्हणालो.

आमच्या संसारातले बहुतेक अपघात या दोन शब्दांनी सुरू झालेले आहेत.

एप्रिल आला. क्रॉयडनपासून अर्ध्या तासावर ब्लूबेलच्या फुलांची जंगलं आहेत. सगळी जमीन निळी होते म्हणतात. पण जंगलात उतार असतो, उतारावर चिखल असतो आणि सासूबाईंचे गुडघे! घसरण्याची शक्यता मी काढली आणि बेत पुढे ढकलला. पुढच्या आठवड्यात पार्कात चेरी फुलली. पण तिथे जवळ पार्किंग नाही. नंतर एका बागेत ट्यूलिप बघायला जायचं ठरलं. सासूबाई सकाळी साडी नेसून, वर कोट चढवून, कानाला मफलर गुंडाळून दारात उभ्या राहिल्या. मी फोनमध्ये हवामान बघितलं. पावसाची शक्यता चाळीस टक्के.

'आई, चाळीस टक्के आहे. नको.'

'चाळीस म्हणजे पाऊस येणार का?'

'येऊ शकतो.'

'बरं,' म्हणाल्या आणि मफलर सोडला.

त्या दिवशी पाऊस आला नाही. दुपारी इतकं स्वच्छ ऊन पडलं की खिडकीतून निळा डबा चमकताना दिसत होता. पुढच्या शनिवारी पुन्हा चाळीस टक्के. त्याच्या पुढच्या रविवारी पंचेचाळीस! पाऊस एकदाही आला नाही. मी मात्र प्रत्येक वेळी म्हणत होतो, 'आला असता तर?' अशा रीतीने त्या वसंतातल्या एकूण एक फुलाला मी व्यवस्थित कारण देऊन नकार कळवला.

मग मे उजाडला आणि सासूबाईंचं परतीचं, सोमवारचं विमान जवळ आलं. आदल्या शुक्रवारी मेधा दारात उभी राहून म्हणाली, 'सुहास, तू उद्या आईला कुठेतरी नेणार आहेस.'

इथे एक खुलासा करायला हवा. मेधा एरवी मला 'तू' म्हणते, पण तिच्या आईसमोर 'अहो' म्हणते. आई बसलेली असताना 'तू' निघालं, म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं.

मी लॅपटॉप उघडला आणि निकष ठरवले. उतार नको, चिखल नको, पाऊस नको. तिन्ही निकषांत बसणारी जागा एकच निघाली. केंटच्या टोकाला, समुद्राकाठी, डंजनेस. मैलोन्मैल सपाट, नुसते गोटे. लोक त्याला देशातलं एकमेव वाळवंट म्हणतात. (त्याला खरंच वाळवंट म्हणावं की नाही यावर वाद आहे. मी दोन्ही बाजू वाचायला घेतल्या होत्या. मेधा म्हणाली, 'वाचू नकोस. गाडीत हवा भर.') आणि या वाळवंटात, लिहिलं होतं, वसंतात रानफुलं येतात!

'वाळवंटात फुलं?' सासूबाईंनी चष्मा काढला. 'आमच्या माळासारखी?'

'तशीच असतील, आई.'

'मग मी धपाटे करते,' त्या म्हणाल्या, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा खिडकीतून उठताना गुडघ्याला हात न लावता उठल्या.

शनिवारी सकाळी गाडी भरली. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, चहाचा थर्मास, सासूबाईंसाठी घडीची खुर्ची. शिवाय राखीव म्हणून मंडळाची सतरंजी. आमच्या महाराष्ट्र मंडळाचं सामान आमच्याच गॅरेजमध्ये असतं, कारण अख्ख्या मंडळात रिकामं गॅरेज असलेला मी एकटाच आहे. लाल-निळ्या पट्ट्यांची ही सतरंजी गणपतीत हॉलभर पसरते. तिच्यावर चाळीस माणसं मांडी घालून बसतात.

'आपण चौघं आहोत,' मेधा म्हणाली.

'गोट्यांवर पातळ चादर टोचेल. जाड हवी.'

'जाड ठीक आहे हो. लग्नाचं वऱ्हाड कशाला?'

मी ऐकलं नाही. जाड सतरंजी तेवढी एकच होती.

गाडी हायवेला लागल्यावर आरशात बघितलं, तर सासूबाईंच्या मांडीवर प्लॅस्टिकची एक पिशवी. मला ती पिशवी ओळखीची होती. पुण्यात त्या पहाटे फिरायला जातात त्या हातात अशीच पिशवी घेऊन. कंपाउंडच्या बाहेर डोकावणारं प्रत्येक फूल देवाचं, असा त्या भागातला न लिहिलेला कायदा आहे. (कंपाउंडच्या आतलंही, हात पोचत असेल तर.)

'आई, इथे रानफुलं तोडायची नसतात हं.'

'चारच. देवाला.'

'एकही नाही.'

'आपोआप गळून पडलेली?'

'तीसुद्धा नको. राखलेली जागा आहे. एकाने चार घेतली, दुसऱ्याने चार घेतली, असं करत शंभर माणसांनी...'

'बाबा, प्लीज मल्टिप्लाय नको करू,' इरा मागून म्हणाली. ती सोळा वर्षांची आहे, जन्म क्रॉयडनचा. तिचं मराठी लिंगाच्या बाबतीत उदार आहे, पण टोमणा बरोबर लागतो.

'बरं,' सासूबाई म्हणाल्या, आणि पिशवीची चौकोनी घडी घालून पुढे माझ्या हातात दिली. ती घडी अजून गाडीच्या कप्प्यात आहे. पार्किंगची चिल्लर शोधताना रोज हाताला लागते.

डंजनेसला पोचलो. चहूकडे गोटे. मध्ये विखुरलेल्या काळ्या लाकडी झोपड्या, दोन दीपगृहं, आणि समुद्राकडे पाठ करून बसलेलं प्रचंड अणुवीज केंद्र. वारा असा, की गाडीचं दार उघडायला दोघं लागली आणि बंद करायला कोणीच लागलं नाही.

'बाबा,' इरा म्हणाली, 'हा डेझर्ट आहे? ही तर कन्स्ट्रक्शन साइट आहे.'

'फुलं कुठायत?' सासूबाईंनी विचारलं.

'असतील, आई. शोधावी लागतील.'

वाटेच्या तोंडाशी एक फलक होता. मी तो सगळ्यांना उभं करून मोठ्याने वाचून दाखवला. इथली झाडं फार नाजूक आहेत, पाय पडला तर वर्षानुवर्षं जागा भरून येत नाही, जपून चाला. मराठीतही सांगितलं. शिवाय स्वतःच्या पदरची चार वाक्यं घातली. 'आपल्याकडून एकाही रोपाला धक्का लागता कामा नये,' मी म्हणालो. 'जिथे काहीही उगवलेलं नाही, अशीच जागा आपण बसायला निवडायची.'

सासूबाई खुर्चीवर बसल्या. खुर्चीचा एक पाय गोट्यांत गेला आणि त्या सावकाश, विमान उतरावं तशा, उजवीकडे कलल्या. मेधाने धरलं म्हणून वाचल्या. दुसऱ्यांदा डावीकडे कलल्या. मग मात्र मी विजयी मुद्रेने डिकीतून सतरंजी काढली. 'राखीव कशाला म्हणतात, ते हे!'

आता जागा. पहिल्या जागेवर खुरटं काटेरी झुडूप होतं. ती बाद. दुसरीवर कोबीसारख्या पानांचे गड्डे होते. तीही बाद. मी डोळ्यांत तेल घालून फिरत होतो. शेवटी गाडीजवळच, वाटेला लागून, मला हवी तशी जागा सापडली. सपाट, मोकळी, उघडी. नाही म्हणायला गोट्यांच्या फटीत शेवाळासारखं काहीतरी करडं-तपकिरी दिसत होतं. मी कमरेवर हात ठेवून, उभ्याउभ्या, त्याचं नीट निरीक्षण केलं.

'हे मेलेलं आहे,' मी जाहीर केलं.

'नक्की?' मेधाने विचारलं.

'शंभर टक्के.' (मी शंभर टक्के सहसा म्हणत नाही. आमच्या धंद्यात तो आकडा नसतोच.)

सतरंजी उलगडली आणि तिचं शीड झालं. चाळीस माणसांचं वजन वागवायची सवय असलेली ती बाई चौघांना काय मोजणार! इरा एका कोपऱ्याला लोंबकळत होती, मेधा दुसऱ्या कोपऱ्याला, आणि मी मधल्या पट्ट्यात पूर्ण गुंडाळला गेलो होतो.

'बाबा, सोड!'

'सोडू नकोस! समुद्रात जाईल! मंडळाची आहे!'

'अहो, पण तुम्ही आहात कुठे?'

'लाल पट्ट्याच्या आत!'

शेवटी एकेक कोपऱ्यावर गोटे ठेवले, कडेला डबे ठेवले, थर्मास ठेवला, चपला ठेवल्या. तरी मधून पोट फुगत होतं.

'आई, तुम्ही जरा बरोब्बर मध्ये बसा.'

सासूबाई मध्ये बसल्या. पोट खाली गेलं. त्या इकडे-तिकडे बघून म्हणाल्या, 'मला वजन म्हणून आणलंत होय?'

धपाटे फार छान झाले होते. आम्ही चौघं अगदी आरामात पाय पसरून, कुशीवर वळून, पुन्हा सरळ होऊन जेवलो. मी तर थोडा वेळ लोळलोही. लोळत लोळत म्हणालो, 'बघा, जाड सतरंजीचा फायदा. खालचं काही जाणवतंय का?'

कोणालाच काही जाणवत नव्हतं.

मग मोहीम. गोट्यांवरून चालणं सासूबाईंना शक्यच नव्हतं. म्हणून असं ठरलं, की त्यांनी इथे बसायचं, आम्ही तिघांनी तीन दिशांना जाऊन फुलं शोधायची, आणि सापडली की त्यांना गाडीत घालून तिथे न्यायचं. मेधा झोपड्यांकडे गेली, इरा दीपगृहाकडे, मी समुद्राकडे. निघताना वळून बघितलं तर त्या एवढ्या मोठ्या लाल-निळ्या सतरंजीच्या मधोमध सासूबाई एकट्या. कार्यक्रम संपला, माणसं पांगली आणि पाहुणीला न्यायला कोणी आलंच नाही, असं ते दिसत होतं.

मी पुष्कळ चाललो. एक फुटकी होडी सापडली, गंजलेली साखळी सापडली, दोर सापडले. कोबीचे गड्डे जागोजागी होते, त्यांच्या कळ्या अजून घट्ट मिटलेल्या. मी दूरवर नजर टाकत होतो. फुलांचा ताटवा म्हणजे मैलावरून दिसला पाहिजे, अशी माझी कल्पना. पायाखाली बघायचं कारणच नव्हतं. (बघत होतो, पण फक्त काही तुडवलं जात नाही ना, एवढ्यापुरतंच.)

परत आलो तेव्हा इरा आणि मेधाही येत होत्या. दोघींचे हात रिकामे, तोंडं उतरलेली.

सासूबाई मधून उठून सतरंजीच्या एका कोपऱ्याशी सरकल्या होत्या. आमच्याकडे पाठ, मान खाली. पावलांची चाहूल लागताच त्यांनी काहीतरी पटकन खाली टाकलं आणि त्यावर हात ठेवला.

'काय करताय, आई?'

'कुठे काय. वारा येतोय.'

त्या गालातल्या गालात हसत होत्या. मला वाटलं, थंडीने ओठ ओढले गेलेत. तेव्हा मी ताबडतोब सगळ्यांसमोर निष्कर्ष मांडला. कळ्या मिटलेल्या आहेत, हंगाम अजून सुरू झालेला नाही, आपण साधारण दोन-तीन आठवडे आधी आलो, मी पाहिलेल्या भागात फुलांचं प्रमाण शून्य आहे, आणि उरलेल्या भागातही ते वेगळं असण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आत आहे.

'म्हणजे नाहीत,' मेधा म्हणाली.

'आज नाहीत.'

'आईला फक्त आजच आहे, सुहास.'

सासूबाई तिथेच बसलेल्या होत्या. त्यांच्यासमोर 'सुहास'! मी गोटे गोळा करायला वाकलो, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते कळेना.

एवढ्यात वाटेवरून एक गोरी वयस्कर बाई आली. डोक्यावर कानटोपी, पायात मोठे बूट, गळ्यात दोरीला बांधलेलं एक छोटं भिंग. छातीवर तिथल्या स्वयंसेवकांचा बिल्ला.

'सॉरी टु बॉदर यू,' ती म्हणाली. (इंग्रज माणसाने सुरुवातीलाच सॉरी म्हटलं, की चूक आपली असते, एवढं मला इतक्या वर्षांत कळलं आहे.) 'तुमची रग फारच सुंदर आहे.'

'थँक यू. मंडळाची आहे.'

'हो का? लव्हली. फक्त, सॉरी, तुम्ही थोडेसे फुलांवर बसला आहात.'

'थोडेसे?'

तिने सतरंजीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. बराच वेळ लागला. 'वेल,' ती म्हणाली, 'सगळेच.'

मी हसलो. 'नाही नाही. मी आधी तपासलं आहे. खाली काही नाही. मेलेलं शेवाळ आहे.'

'ओह, नाही. फार लहान असतात ना ती. या दिवसांत थोडेच दिवस फुलतात. उन्हाळा लागला की संपली. बघायची तर खाली बसावं लागतं.'

'पण आम्ही बसलोच होतो!' मी म्हणालो.

दूरवर एक समुद्रपक्षी तेवढा ओरडला.

आम्ही डबे उचलले, चपला उचलल्या, सासूबाईंना हात देऊन उठवलं आणि सतरंजी दोन बाजूंनी धरून वर घेतली. खाली, गोट्यांच्या फटीफटीत, बागच होती. मोहरीएवढी पांढरी फुलं, त्याहून बारीक निळी, रेघेसारखे देठ. सगळी झोपलेली! सतरंजीच्या विणीचे ठसे त्यांच्यावर उमटले होते. दह्याचा डबा होता तिथे एक गोल चक्ती पडली होती. जिथे मी लोळलो होतो, तिथे माझ्या आकाराचं एक लांबट सपाट मैदान झालं होतं. इराने एकदा मैदानाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. काही बोलली नाही. तिच्या वयात हे कठीण असतं.

फक्त एका कोपऱ्यात, सासूबाई सरकून बसल्या होत्या त्यांच्या अगदी पुढ्यात, ताटलीएवढी जागा उभी होती. तिथली फुलं वाऱ्यावर थरथरत होती, ताजी, निळी.

मेधा आईकडे वळली. 'आई, तुला माहीत होतं?'

'वाऱ्याने कोपरा उलटला गं. परत टाकायला गेले तर खाली ही! अगदी आमच्या माळावरच्यासारखी. मग नाही टाकला. बघत बसले.'

'मग आम्ही आल्यावर झाकलंस कशाला?'

सासूबाईंनी पदर सारखा केला. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, 'जावयांनी एवढ्या मायेने सतरंजी घातलेली. उचला कसं म्हणायचं? आणि ते इतकं पटवून सांगत होते, फुलं आलीच नाहीत म्हणून. आकडे देऊन सांगत होते. आपण मधेच कसं बोलायचं?'

मला काय वाटलं ते मी सांगत नाही. मी काय केलं ते सांगतो. मला एकदम वाटलं, की ती उरलेली फुलं तरी आपण बघितली पाहिजेत. नीट, जवळून, जशी बघायची तशी. त्या बाईने गळ्यातलं भिंग काढून माझ्या हातात दिलं. मी भारावून गेलो, पुढे झालो आणि आदराने गुडघा टेकला.

'बाबा!' इरा किंचाळली. 'तुझी गुडघा!'

मी खाली बघितलं. कोपरा माझ्या गुडघ्याखाली होता. सगळा.

मेधा फुलं बघायला खाली वाकतच होती. ती अर्ध्यात थांबली आणि परत सरळ झाली.

इराच्या फोनमध्ये त्या दिवसाचा फुलांचा एकच फोटो आहे. मधोमध माझा गुडघा आहे. पँटच्या शिवणीला लागून, कडेला, दोन निळे ठिपके दिसतात. मोठं करून बघितलं तर एक ठिपका धाग्याचा निघतो.

'असू दे, असू दे,' सासूबाई म्हणत होत्या. 'मी पाहिली ना. पोटभर पाहिली.' आणि मग मेधाचा हात धरून, हळू आवाजात, 'तुला दाखवायची होती गं. तुम्ही गाडीत सामान ठेवायला गेलात की गुपचूप दाखवणार होते.'

मेधाने मान हलवली.

मी त्या बाईची पुनःपुन्हा क्षमा मागितली. तीही उलट माझी मागत होती. शेवटी मी विचारलं, 'ही परत उभी राहतील का?'

'एखादी चांगली सर आली, तर काही उठतील,' ती समजुतीने म्हणाली.

'सर कधी येईल?'

'इथे?' तिने आभाळाकडे बघितलं. निरभ्र होतं. 'इथे पाऊस फारसा पडत नाही हो. तुम्ही म्हणूनच तर आलात ना?'

म्हणूनच तर आलो होतो. देशभरातून शोधून, निकष लावून.

परतीच्या प्रवासात मेधा मला 'तू'ही म्हणाली नाही आणि 'अहो'ही म्हणाली नाही. सासूबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. मध्येच एका शेताच्या कडेला पिवळं काहीतरी फुललेलं दिसलं. 'थांबू का, आई?' मी विचारलं. गाडीतल्या तिन्ही बायका एकदम 'नको!' म्हणाल्या. कदाचित माझा गुडघा मोकळा आहे, हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

सोमवारी विमानतळावर सासूबाईंना व्हीलचेअर मिळाली. निघताना मी वाकून नमस्कार केला. 'सांभाळून हं, सुहासराव,' त्या म्हणाल्या. ते आशीर्वाद म्हणून होतं की मी खाली वाकत होतो म्हणून होतं, मी विचारलं नाही.

तेव्हापासून मी रोज सकाळी चहाच्या आधी फोनवर हवामान बघतो. क्रॉयडनचं नाही, डंजनेसचं. आयुष्यभर मी पाऊस टळावा म्हणून आकडे बघत आलो. आता पडावा म्हणून बघतो. ऑफिसातला एक सहकारी विचारत होता, 'तिकडे घर घेतलं का?' नाही म्हटलं, फुलं पाडली आहेत.

सासूबाईंचं ऑपरेशन चांगलं झालं. आता त्या वॉकर घेऊन घरात फिरतात, फुलांच्या पिशवीपर्यंत मजल अजून गेलेली नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो. आधी मेधाशी, मग इराशी, शेवटी माझ्याशी. माझ्याशी त्यांचा विषय एकच असतो.

'काय सुहासराव, झाला का पाऊस तिकडे?'

'नाही आई. पण आज शक्यता आहे. चाळीस टक्के.'

'चाळीस म्हणजे येतो, की येत नाही?'

मी जोखीम मोजणारा माणूस. हा प्रश्न त्यांनी मला एप्रिलमध्ये, दारात, मफलर गुंडाळून विचारला होता. तेव्हा माझ्याकडे चुकीचं उत्तर होतं. आता बरोबर आहे.

'येत नाही, आई,' मी म्हणालो. 'चाळीस टक्क्यांना नाही येत. मी वसंतभर बघितलंय.'

पलीकडे सासूबाईंनी चष्मा काढला. आजवर त्या माझ्याशी कधी उलट बोललेल्या नाहीत. सतरंजीवर बसवलं तेव्हा नाही, पिशवी काढून घेतली तेव्हा नाही. जावयाला बोलायचं नसतं. पण गुडघे नवे बसले आहेत आणि माणसाला त्याने बळ येत असावं.

'मग तेव्हा का हो नेलं नाहीत?' त्यांनी विचारलं.

'हॅलो? आई? हॅलो? आवाज येत नाहीये तुमचा,' मी म्हणालो. 'नेटवर्क गेलं वाटतं.'

नेटवर्क होतं. शंभर टक्के.